पारा पडलेला पंख

आकाराम विट्याचा होता. विट्याचा म्हटलं की माणसं पुढं एकच विचारतात, दुकान कुठं? मदुरैला, कोचीनला की कानपूरला? जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं हा त्या गावाचा धंदा, आणि त्यासाठी तिथली माणसं देशभर पांगलेली. पोराचं बारसं आधी होतं की दुकान आधी ठरतं, ते मला अजून कळलेलं नाही. आकारामचं मदुरैला ठरलेलं होतं. थोरला भाऊ लालासाहेब बाराव्या वर्षीच तिकडं जाऊन भट्टीपुढं बसला होता. आकाराम मॅट्रिक झाला आणि म्हणाला, मी जाणार नाही. बाप मदुरैहून सुट्टीवर घरी आलेला होता. त्यानं चुलीत सळई तापवली आणि पोराच्या पोटरीवर ठेवली. हे आकारामनं मला स्वतः सांगितलं, तेही हसत. मला काही हसू आलं नाही.

मी नानासो. त्र्याहत्तर ते अठ्ठ्याहत्तर अशी पाच वर्षं मी रहिमतपूरच्या पलीकडच्या माळावर, एका फवारणी कंपनीच्या विमानतळावर भांडार सांभाळत होतो. विमानतळ म्हणजे आपलं म्हणायचं. मुरमाची एक पट्टी, पत्र्याची एक शेड, औषधाची पिंपं आणि दोन पिवळी विमानं. एका विमानात माणूस एकच मावायचा, बाकीचं पोट औषधाचं. उसावर पाकोळी, म्हणजे रस शोषणारी कीड, पडली की साखर कारखाने आम्हाला बोलवायचे. मग विमान उसाच्या शेंड्यांवरून असं खालून जायचं की बांधावरची म्हातारी माणसं मान खाली घालायची. इतक्या खाली उडताना काही तुटलं तर वैमानिकाला देवाचं नाव घ्यायलाही वेळ मिळत नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्यावर कुणी बोलत नसे.

ती विमानं उडण्यालायक ठेवायचं काम हंबीररावांचं. माणूस रहिमतपूरचाच, घरी बागायत, ऊस, बैलजोडी, सगळं. पण घरात प्रत्येक पिढीचा एक गडी फौजेत, तसे हे हवाई दलात गेले. वीस वर्षं विमानांचा पत्रा शिवला. एकाहत्तरच्या लढाईत गोळ्यांनी चाळण झालेली विमानं एका रात्रीत ठिगळं लावून परत पाठवायची आणि आत वैमानिकाचं रक्त असेल तर ते आधी धुवायचं, अशी त्यांची नोकरी. निवृत्त झाल्यावर त्यांनी नागरी विमानांचा परवाना मिळवला. त्यांनी सही केल्याशिवाय विमान हलत नसे. आम्ही सगळे त्यांना फौजेतल्यासारखं उस्ताद म्हणायचो.

उस्ताद मारायचे. हे आडवळणानं सांगण्यात अर्थ नाही. चुकलं की मारायचे, आणि हातात जे असेल त्यानं मारायचे. आजकाल कुणी असं शिकवलं तर लोक त्याला तुरुंगात घालतील आणि बरोबर करतील. तेव्हा मात्र आम्हाला वाटायचं, शिकवणं म्हणजे हेच.

आकाराम त्यांच्या हाताखाली शिकायला पहिल्या दिवशी आला तेव्हा मी भांडाराच्या दारात उभा होतो. उस्तादांनी त्याला शेडच्या कोपऱ्यात नेलं. तिथं कुठल्याशा पडलेल्या विमानाच्या पंखाचा एक फाटका तुकडा त्यांनी ठेवला होता. पत्र्याला एक लांब भेग होती. उस्तादांनी आकारामचं बोट धरलं, भेगेत घातलं आणि वरून पत्रा दाबला. आकाराम ओरडला नाही, पण पाय झाडायला लागला. रक्त मनगटापर्यंत आलं तेव्हा उस्तादांनी सोडलं.

"ही भेग केसाएवढी हुती तवा एकानं बगितली आन् गप बसला," ते म्हणाले. "माणूस जित्ता जळाला. आता तुज्या बोटाला कळलं न्हवं, भेग काय असती ती? ध्येनात ठेव."

बोटाला तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मला वाटलं होतं, पळून जाईल.

त्या दुसऱ्या दिवशीचा धडा पाऱ्याचा होता. उस्ताद म्हणाले, ह्या शेडमध्ये काय वाटेल ते सांडलं तरी चालेल, पारा सांडता कामा नये. ताप मोजायची काचेची नळीसुद्धा आत आणायची नाही. उघड्या ॲल्युमिनियमला पाऱ्याचा थेंब लागला की तो आतून खात सुटतो, आणि माणसाला कळेपर्यंत पत्र्याची भुकटी झालेली असते. हे ऐकून आकाराम हसला. त्याचं सगळं घरच पाऱ्यावर जगत होतं. सोनारांच्या दुकानातली झाडलोटीची माती आणायची, धुवायची, आणि तिच्यातलं बारीक सोनं पाऱ्यानं धरायचं, हे त्यानं बापाबरोबर सुट्टीत कितीदा केलेलं. पण उस्तादांपुढं हसला म्हणून त्याच्या कानशिलात बसली ती बसलीच.

विमानाचा पत्रा रिवेटनं, म्हणजे बोथट खिळ्यांनी जोडतात, आणि त्याला दोन माणसं लागतात. एक बाहेरून गन धरतो. ती हवेच्या जोरावर घणासारखी धडाधड ठोकते. दुसरा आतल्या बाजूनं त्याच रिवेटच्या बुडाला लोखंडी ठोकळा दाबून धरतो, त्याला डॉली म्हणतात. आतला माणूस पंखाच्या पोटात वाकडातिकडा घुसलेला असतो, अंधार, घाम, आणि प्रत्येक ठोक्याचा हादरा थेट त्याच्या मनगटात. डॉली सुतभर सरकली तर रिवेट वाकडा बसतो आणि पत्र्याला पोचा येतो. मग उस्ताद गन खाली ठेवायचे, आकारामला पायाला धरून बाहेर ओढायचे, आणि त्याच डॉलीनं त्याच्या पायाच्या नळीवर एक द्यायचे. चार वर्षं आकाराम आत होता आणि उस्ताद बाहेर. त्याच्या एका कानाला कमी ऐकू यायला लागलं. पण दुसऱ्या वर्षानंतर पोचा यायचा बंद झाला. अंधारात नुसत्या हातानं त्याला कळायचं की रिवेट बसला की नाही. उस्तादांनी ह्यासाठी त्याला कधी शाबासकी दिली नाही. मारायचे मात्र थांबले.

एवढं सगळं सोसायचं ते एका वहीसाठी. परवान्याच्या परीक्षेला बसायचं तर चार वर्षांचं काम वहीत लिहिलेलं हवं, प्रत्येक कामाखाली परवानावाल्याची सही हवी, आणि शेवटच्या पानावर, ह्या माणसाच्या हाती विमान द्यायला हरकत नाही, अशी त्याची शेवटची सही हवी. ती सही नसेल तर चार वर्षं पाण्यात. मग मदुरै. आकारामच्या पुढं हे दोनच रस्ते होते, आणि त्यातला एक त्याच्या बापाला खाऊन बसला होता. शहात्तर साली बाप वारला. तेजाबाचा धूर वीस वर्षं छातीत गेलेला, शेवटी रक्ताच्या गुळण्या टाकत गेला. आकाराम मातीला गेला आणि तिसऱ्या दिवशी परत कामावर आला.

सत्त्याहत्तरचा सप्टेंबर. वहीचं शेवटचं पान तेवढं राहिलं होतं. पाकोळीनं त्या साली कहर केला होता, आणि आमचं एक विमान आधीच बंद पडलेलं. दुसऱ्याच्या उजव्या पंखाला, बुडाजवळ, वरच्या बाजूनं तडा गेला होता. तेवढा भाग कापून काढला होता, नवं ठिगळ बसवायचं होतं. कडांना कानस मारून ठेवली होती, रंग खरवडलेला, धातू उघडा. उस्ताद दुपारी साताऱ्याला सामान आणायला गेले होते. आकाराम पंखाच्या खाली बसून, खालच्या झडपेतून हात घालून आतल्या कडा साफ करत होता.

लालासाहेब आला तो एस.टी.च्या फाट्यावरून चालत. मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. वय बत्तीस, दिसायला पन्नाशीचा. दारात उभा राहून आधी मिनिटभर खोकला, मग मला विचारलं, आमचा आकाराम कुठं हाय. मी बोट दाखवलं. अजून वाटतं, दाखवलं नसतं तर बरं झालं असतं.

आधी बोलणंच होतं. लालासाहेब सांगत होता, दुकानावर आता मी एकटा, डॉक्टर म्हणतो भट्टीपुढं बसू नको, तू चल. आकाराम म्हणत होता, दादा, पंधरा दिवस थांब, एक सही राहिली आहे. सही हा शब्द ऐकून लालासाहेबाचं डोकं फिरलं. त्याचं तरी काय चुकलं म्हणायचं? ह्या सहीपर्यंत पोचायला धाकटा जी शाळा शिकला ती थोरल्यानं भट्टीपुढं जाळलेल्या छातीवर शिकला होता.

"मी बारा वर्साचा हुतो तवा मला कुनी इचारलं न्हाई, जातूस का म्हनून," तो म्हणाला. "आमी धूर खायाचा आन् तू हितं पत्र्याशी खेळायचं व्हय रं?"

आणि त्यानं आकारामला केसाला धरून ओढलं. आकाराम पडला. लालासाहेबानं त्याच्या बरगडीत लाथ घातली, एक नाही, चार-पाच. मी धावलो तर मला त्यानं असं ढकललं की मी पिंपावर आदळलो. खोकणाऱ्या माणसात एवढा जोर कुठून येतो देव जाणे. आकाराम उठला आणि पहिल्यांदाच भावावर हात टाकला. तोंडावर ठोसा बसला, लालासाहेबाचा दात ओठातून बाहेर आला. मग दोघं एकमेकांचा गळा धरून पंखावर आदळले.

आता ही गोष्ट समजून घ्या. विट्याची ही माणसं पारा पिशवीत ठेवत नाहीत. पिशवी हरवते, चोरीला जाते. पारा महाग आणि मिळायला अवघड. म्हणून जाड काचेच्या बाटलीत घालून, कापडाच्या पट्ट्यात गुंडाळून, सदऱ्याच्या आतून पोटाला बांधतात आणि मुक्कामाला पोचेपर्यंत अंगावरून उतरवत नाहीत. लालासाहेब मुंबईहून पारा घेऊन मदुरैला चालला होता, वाटेत भावाला उचलायला उतरला होता. पंखाची कड त्याच्या पोटात बसली आणि आतून काच फुटल्याचा आवाज आला.

भांडण तिथंच थांबलं. सदऱ्याखालून पारा गळायला लागला, पंखावर पसरला, उताराला लागला. लालासाहेबाच्या पोटातून रक्त येत होतं, तरी तो कागद घेऊन थेंब गोळा करायला लागला. आकाराम मात्र कापलेल्या भोकाकडं बघत होता. मीही तिकडंच बघत होतो. दोन थेंब, ज्वारीच्या दाण्याएवढे, कानस मारलेल्या कडेवरून आत गेले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

लालासाहेब जाताना दारात थुंकला. थुंकीत रक्त होतं, आणि ते फक्त ओठाचं नव्हतं. आकारामला तो म्हणाला, "तू आमाला मेलास."  धाकटा तोवर टॉर्च घेऊन पंखात घुसलेला होता.

चार वाजता उस्ताद आले आणि आकारामनं त्यांना सगळं सांगितलं. लपवायला सोपं होतं. मी आणि तो सोडून कुणी पाहिलं नव्हतं, मी तोंड उघडणारा नाही हे त्याला माहीत होतं, आणि सही पंधरा दिवसांवर आली होती. तरी त्यानं सांगितलं. मला वाटलं, आता उस्ताद त्याला जिवंत ठेवत नाहीत. पण ते नुसते पांढरे पडले. त्यांनी हवेचा पाइप लावून पंखाचं पोट फुंकून काढलं, बारीक बारीक पाच-सहा थेंब बाहेर आले, ते पुसले. टॉर्च मारून अर्धा तास बघितलं. आत काही दिसलं नाही.

एवढ्यात मॅनेजर आला. हा पुण्याचा, पॅन्टची इस्त्री न मोडणारा गृहस्थ. त्यानं सांगितलं, उद्या सकाळी सात वाजता विमान उडालं नाही तर कारखाना दुसऱ्या कंपनीला बोलावणार, मग ही शेड बंद, आणि आपण सगळे घरी. दोन थेंब पाऱ्यासाठी पंख उघडून बसायचं? मग त्यानं मला विचारलं, तुम्ही होतात ना इथं, आत गेलेलं तुम्ही पाहिलं का?

मी म्हणालो, मला नीट दिसलं नाही.

वाचकहो, मी भित्रा माणूस आहे. घरात बायको तानुबाई, तिची आई आणि तीन पोरं होती. पण ही कारणं झाली. खरं एवढंच की मी खोटं बोललो आणि आकारामनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"उस्ताद, समदा भाईर आला न्हाई, थोडा अजून आत हाय," तो म्हणाला. "आवं, पारा दिसत न्हाई तवाच त्यो काम करत असतोय. सोन्यात शिरला की दिसतोय का कवा? आमी लहानपनापासनं हेच बगितलंया."

उस्तादांना हे कळत नव्हतं असं नाही. हा धडा त्यांनीच दिलेला. पण वीस वर्षं हुकूम ऐकलेला माणूस, आणि समोर साहेब उभा. त्यांनी आकारामच्या तोंडात मारली, फाडकन, पूर्वीसारखी, आणि म्हणाले, डॉली घे. दोघांनी ठिगळ बसवलं. उस्तादांची गन त्या दिवशी दोनदा घसरली. मग त्यांनी कागदावर सही केली की विमान उडण्यास योग्य आहे. आकारामनं त्या कामाची नोंद आपल्या वहीत केली नाही.

सकाळी साडेसहाला मी शेडमध्ये पोचलो तेव्हा विमान पट्टीच्या तोंडाशी उभं होतं. औषध भरलेलं. वैमानिक कॅप्टन भरुचा, हसतमुख पारशी माणूस, हातमोजे चढवत होता. त्याला काही सांगितलेलं नव्हतं. आकाराम पंखाखाली उताणा पडून खालच्या पत्र्याचा सांधा बघत होता. तो उठला आणि उस्तादांकडं आला. त्यानं बोट पुढं केलं. बोटावर कापसासारखी पांढरी लव होती, चिमूटभर. सांध्यातून बाहेर आलेली.

उस्तादांनी ती बघितली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांनी मान फिरवून मॅनेजरकडं पाहिलं, मग आकारामचं बोट हातानं बाजूला सारलं. "धूळ हाय," ते म्हणाले.

भरुचानं आत बसून पट्टा आवळला. विमानाच्या नाकावरचा पंखा फिरवायला माणूस पुढं झाला. आकाराम मॅनेजरकडं गेला, मॅनेजरनं त्याला धक्का दिला. तो भरुचाकडं गेला आणि ओरडून सांगायला लागला, पण उस्तादांनी त्याला मागून ओढलं, आणि भरुचानं हात हलवून विचारलं, काय म्हणतो हा? कुणी सांगितलं नाही. मीही नाही. आता विचार करा, त्याच्या हातात काय उरलं होतं? गप्प बसला असता तर विमान पडलं असतं तरी त्याच्यावर काही आलं नसतं, कारण सही उस्तादांची होती. आणि पंधरा दिवसांत वही पूर्ण.

शेडच्या दाराशी आगीच्या बादल्या टांगल्या होत्या आणि त्यांच्याशेजारी लाल दांड्याची कुऱ्हाड. त्यानं ती उचलली. मला वाटलं मॅनेजरला तोडतो. मॅनेजरलाही तेच वाटलं, तो पिंपांमागं पळाला. आकाराम सरळ पंखाकडं गेला आणि त्यानं पहिला घाव ठिगळावर घातला, त्यानंच आदल्या दिवशी बसवलेल्या. पत्रा असा किंचाळला की माझे दात आंबले. दुसरा घाव, तिसरा. तो रडत होता आणि तोडत होता. चार वर्षांत ज्या पत्र्याला त्यानं नखाचा ओरखडा लागू दिला नव्हता तोच पत्रा तो लाकूड फोडावं तसा फोडत होता. भरुचा दुसऱ्या बाजूनं उडी मारून पळाला.

उस्ताद धावले. हातात डॉली होती, नेहमीच असायची. आकारामचा उजवा हात पंखाच्या कडेवर टेकलेला होता, कुऱ्हाड ओढून काढायला. उस्तादांनी वरून डॉली मारली. हाड मोडल्याचा आवाज मी तीस पावलांवरून ऐकला. आकाराम गुडघ्यावर आला आणि मग बाकीचे तुटून पडले. औषध भरणारे, पट्टीवरचे निशाणवाले, ज्यांची ज्यांची नोकरी त्या पंखावर होती ते सगळे. कुणी लाथेनं, कुणी पाइपच्या तुकड्यानं. कुणाला आवरत नव्हतं. मी आवरायला गेलो नाही, हेही सांगून टाकतो. पोलीस आले तोवर त्याचा एक डोळा बंद झाला होता. चौकीत नेल्यावर पोलिसांनी त्याला हात लावला नाही. लावायला जागाच उरली नव्हती.

मॅनेजरनं तक्रार लिहून दिली, सूडबुद्धीनं कंपनीच्या मालमत्तेचा नाश. उस्ताद दुपारपर्यंत पंखाजवळ बसून होते.  दोन वाजता उठले, पत्र्याची कात्री घेतली आणि कुऱ्हाडीच्या घावापासून पुढं पत्रा कापायला लागले. मी टॉर्च धरला होता. आत, कण्यापाशी, म्हणजे ज्या आडव्या तुळईवर सगळा पंख तोललेला असतो तिच्यापाशी, पांढरी लव उगवली होती. बोटभर लांब, शिळ्या भाकरीवर बुरशी येते तशी. उस्तादांनी तिथं पाना टेकवला. कण्याचा तुकडा ढेकळासारखा सुटून खाली पडला. त्या भागावर पंधरा मण औषधाचं ओझं घेऊन भरुचा उसावरून वळणार होता. भरुचा तिथंच उभा होता. त्यानं तो तुकडा उचलला, बघितला, आणि शेडच्या मागं जाऊन ओकला.

उस्ताद म्हणाले, नानासो, आकारामची वही काढ. ती भांडारात माझ्याकडंच असायची. आम्ही दोघं चालतच चौकीवर गेलो.  मला वाटलं होतं, ते वाटेत रडतील. मी रडत होतो.

आकाराम भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात पंच्यात गुंडाळलेला, फुगून दुधीएवढा झालेला. आम्हाला बघून तो उठायला लागला, सवयीनं. उस्तादांनी हातानं खाली बसवलं. त्यानं पहिलं जे विचारलं ते हाताबद्दल नव्हतं, तक्रारीबद्दल नव्हतं.

"उस्ताद, किती आत गेलता?"

"कण्याला लागला हुता," उस्ताद म्हणाले.

आकारामनं डोळे मिटले.  मग म्हणाला, "मंजी कॅप्टन वाचला."

उस्ताद फौजदाराच्या टेबलाशी बसले. वही उघडली, शेवटचं पान काढलं. खिशातलं पेन काढून त्यांनी हळूहळू लिहिलं की ह्या माणसाच्या हाती विमान द्यायला हरकत नाही, खाली सही केली, परवान्याचा आकडा घातला, तारीख घातली. मग फौजदाराकडं एक कोरा कागद मागितला. आकारामला काय ते कळलं. तो म्हणाला, नको उस्ताद, परवाना जाईल, ह्या वयात दुसरं काय करणार. घरी ऊस आहे, असं उस्ताद म्हणाले नाहीत.

"आदी तुजं केलं," ते म्हणाले. "हे लिवलं की माज्या सहीला कुत्रं इचारनार न्हाई."

आणि त्यांनी लिहिलं. पारा पडल्याचं मला माहीत होतं. माहीत असून विमान योग्य आहे अशी मी खोटी सही केली. सकाळी पुरावा दाखवला तरी मी थांबवलं नाही. पंख तोडला नसता तर वैमानिक मेला असता. ज्यानं तो तोडला त्याचा हात मी मोडला आहे, त्याबद्दल माझ्यावर गुन्हा नोंदवावा. फौजदारानं कागद दोनदा वाचला आणि विचारलं, थेंब आत जाताना कुणी पाहिले? मी म्हणालो, मी पाहिले. काल नाही म्हणालो, ते खोटं होतं. कागदाखाली मी साक्षीदार म्हणून सही केली. माझ्या हातून झालेलं त्या दोन दिवसांतलं एवढंच चांगलं काम, तेही दुसरा पुढं झाल्यावर.

तक्रार मागं घेतली गेली, पण कंपनी महिनाभर सारवासारव करत होती. उस्तादांचा परवाना गेला तो गेलाच. आकाराम पुढच्या वर्षी परीक्षेला बसला तेव्हा त्याची दोन बोटं वाकत नव्हती. त्यानं डाव्या हातानं डॉली धरायला शिकून घेतलं होतं, आणि तो पास झाला. त्याचं नाव त्या परवान्यावर आलं, लालासाहेबाला मात्र ते बघायला मिळालं नाही. दिवाळीआधीच मदुरैत त्याची छाती संपली. आकारामनं त्याच्या दोन पोरांना विट्यात शाळेत ठेवलं, दुकानावर पाठवलं नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी चौकीत फौजदार कागदावर शिक्का मारत होता. आकाराम मांडीवर उघडी वही घेऊन बसला होता, पण वहीत बघत नव्हता. तो उस्तादांकडं बघत होता आणि त्याच्या बंद डोळ्यातून, उघड्या डोळ्यातून, पाणी वाहत होतं. उस्ताद पुढं झाले, त्यांनी ती वही त्याच्या मांडीवरून उचलून बाजूला धरली.

"रडू नगंस," ते म्हणाले. "शाई वली हाय अजून."